घर पेटालंय, पण इंग्रजीत

अंबाबाईच्या देवळाकडं तोंड करून, उजवा हात वर करून आणि घसा मोकळा सोडून सांगते, पुढं जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या ताटातलं पांढऱ्या रश्श्याचं वाडगं उचलून शेजारणीला द्या. याहून मोठी शपथ कोल्हापुरात कुणी घेत नाही.

तर मंगळवार पेठेतल्या शालूबाई तिन्हीसांजेला देवापुढं निरांजन लावत होत्या. एवढ्यात आतल्या खोलीतून सुनेचा खणखणीत आवाज आला, "माय हाऊस इज कॅचिंग फायर!"

शालूबाईंना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. हाऊस येत होतं, कारण थेटरावर हाऊसफुल्लची पाटी बघितलेली. फायर येत होतं, कारण बंबाच्या गाडीवर लिहिलेलं असतं असं कुणीतरी सांगितलेलं. मधलं तेवढं राहिलं होतं. तुपानं भिजलेली वात बोटात तशीच धरून त्या दारात आल्या.

"काय म्हटलीस गं पूर्णिमा?"

"काय न्हाई आत्ती. अभ्यास करालोय."

(कोल्हापुरात बायका 'करालोय, जातो, येतो' असंच म्हणतात. त्यावर पुण्याच्या माणसानं वाद घालू नये.)

"हाऊस म्हंजे घर. फायर म्हंजे आग. मधी काय हाय?"

"इज कॅचिंग. म्हंजे... पेटालंय."

"कुणाचं?"

"माय. म्हंजे माझं. आपलंच की."

शालूबाईंच्या बोटातली वात सुटून पायावर पडली. "अगं दिवेलागणीची येळ! वास्तुपुरुष ह्या येळेला घरातनं फिरत असतोय, आन् जे कानावर पडंल त्येला तथास्तु म्हणतोय! त्येच्या तोंडावर तू घर पेटालंय म्हणतीस?"

पूर्णिमानं जीभ चावली. ती राधानगरीकडची, शिकलेली, बी.ए. झालेली पोरगी. पण तिच्या माहेरीही तिन्हीसांजेला 'तेल संपलं' म्हणत नसत, 'तेल वाढलं' म्हणत. घर पेटल्याचं तर स्वप्न पडलं तरी सकाळ उजाडल्याशिवाय कुणी सांगत नसे.

पण तिचीही अडचण होती. जयसिंगपुरात नवी इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिथं बालवर्गाच्या बाईंची एक जागा होती. पूर्णिमाला इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, पण तोंडातून काढायचं म्हटलं की घशात अडकायचं. म्हणून महाद्वार रोडला चपलांच्या दुकानावर निघालेल्या इंग्रजी बोलायच्या क्लासला ती जाऊ लागली. तिथले सर सगळे काळ एकाच आगीवर शिकवायचे. म्हणायचे, "भाकरी भाजली, पाऊस पडला, ह्यात गंमत नाही. आग बघा. आग लागते, लागत असते, लागलेली असते, लागून गेलेली असते. एका आगीत व्याकरणाचं सगळं पुस्तक जळतं." शिवाय त्यांना बातमी होती, की जयसिंगपूरच्या शाळेचे रुद्रेश सर मुलाखतीत प्रत्येकाला आगीवरच विचारतात. रुद्रेश सरांनी भिंतीवर टांगायला आग विझवायचं लाल नळकांडं आणलं होतं आणि आल्यागेल्याला ते दाखवल्याशिवाय त्यांना घास गिळत नव्हता.

ही नोकरी लागणं पूर्णिमाइतकंच शालूबाईंनाही हवं होतं, किंबहुना जास्तच. मुलगा पृथ्वीराज एसटीत ड्रायव्हर, मलकापूर डेपोला. तिथं त्यानं खोली घेतली होती आणि बायकोला सांगितलं होतं, "जूनला नोकरी लागली तर ऱ्हा कोल्हापुरात, मी येतोय सुट्टीला. न्हाई लागली तर चंबूगबाळं उचल आन् मलकापूरला ये." पूर्णिमा गेली की घरात उरणार शालूबाई आणि त्यांचे मालक जोतीराम. जोतीराम स्वभावानं वाईट नव्हते, पण ते दिवसभरात जेवढं बोलायचे तेवढं म्हशीशी. बायकोच्या वाट्याला 'हूं' आणि 'च्या' एवढंच यायचं. सून आल्यापासून तिन्हीसांजेला चुलीपुढं बसून दोघी तासन् तास गप्पा मारायच्या. नोकरी नाही लागली की त्या गप्पा मलकापूरला जाणार होत्या.

म्हणजे पूर्णिमानं आग लावल्याशिवाय नोकरी नाही, आणि घरात आग लावून चालत नाही.

"सकाळी करत जा की अभ्यास," शालूबाई म्हणाल्या.

"सकाळी धारा, शेणघाण, डबं. दुपारी क्लास. मला संध्याकाळच घावतीया, आत्ती."

शालूबाई विचारात पडल्या. त्यांना मुळात चौकशीची फार हौस. देवळात कीर्तनकाराला मध्येच थांबवून "मग त्या राक्षसाच्या बायकोचं पुढं काय झालं?" असं विचारणाऱ्या त्या. चुलीपुढं पाट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सांग बघू सगळं. किती परकारची आग हाय ह्येंच्यात?"

पूर्णिमानं सांगितलं. इज कॅचिंग, हॅज कॉट, कॉट, हॅड कॉट, विल कॅच. शालूबाई बोटांवर घेत गेल्या. "म्हंजे पेटालंय, पेटलंय, पेटलं, पेटलतं आन् पेटंल. ह्यात अवघड काय हाय? आमच्यातबी हेच हाय की! मग इंग्रजीला एवढी फी कशापायी?"

पूर्णिमा बघतच राहिली. क्लासात जे महिनाभर चाललं होतं ते सासूनं भाकरी थापता थापता संपवलं.

"आता ऐक," शालूबाईंनी निवाडा दिला. "पेटलं, पेटलतं, ह्ये म्हणायला हरकत न्हाई. झालेल्याला वास्तू काय तथास्तु म्हणणार? पेटालंय न्हाई म्हणायचं. आन् पेटंल तर मुळीच न्हाई. जिभंला चटका दीन."

"पण आत्ती, वास्तुपुरुषाला इंग्रजी कुठलं येतंय?"

शालूबाईंचा हात परातीतच थांबला. हा मुद्दा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. चुलीत एक लाकूड सारून त्या म्हणाल्या, "का येत नसंल? आपल्या भायेरच्या दाराची चौकट माझ्या सासऱ्यांनी जुन्या बाजारातनं आणल्याली. कुठल्यातरी साहेबाच्या बंगल्याची हुती म्हणं. त्या चौकटीनं जलमभर इंग्रजीच ऐकलं आसंल की!"

 यावर क्लासातल्या सरांनीही हात टेकले असते.

मग निघाला मधला मार्ग. आपलं घर नको, तर दुसऱ्याचं घ्यावं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पूर्णिमा खिडकीत बसून घोकू लागली, "झुंबरबाईज हाऊस इज कॅचिंग फायर. झुंबरबाईज हाऊस विल कॅच फायर." शालूबाईंना जरा वाईट वाटलं, पण झुंबरबाई शेजारीण होती, आणि शेजारणीसाठी वाईट वाटायला एक मर्यादा असते.

भिंत एकच. आपलं नाव चारदा कानावर आल्यावर झुंबरबाई पदर खोचून दारात हजर झाली.

"शालू, माझ्या नावानं काय चाललंय गं?"

"काय न्हाई बाई. पोरगी इंग्रजीत तुझं कवतिक करालीया."

"फायर म्हटली ती! फायर मला कळतंय. माझा मेव्हणा बंबावर हाय!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. शालूबाईंनी खरं ते सांगितलं. झुंबरबाईनं कपाळावर हात मारला. "अगं पण दिवेलागणीला? माझं नवं कौल घातल्यालं घर!" मग जरा विचार करून ती म्हणाली, "जेवढ्यांदा माझं पेटीवलंस तेवढ्यांदा आता तुझं पेटीव. माझ्यासमोर. तवाच फिटंफाट हुईल." आणि ती उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. पूर्णिमा रडकुंडीला आली. शेवटी शालूबाईंनी ताटभर कांदाभजी दिली तेव्हा झुंबरबाई उठली, आणि जाता जाता म्हणाली, "एवढं हाय तर आधी बघा की वास्तूला इंग्रजी येतंय का न्हाई. न्हाई येत तर पेटवा खुशाल माझंबी."

हे शालूबाईंना पटलं. नुसत्या वादापेक्षा पारख करून बघितलेली बरी. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी पूर्णिमाकडून एक वाक्य पाठ करून घेतलं, देवाला हात जोडले आणि चौकटीकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "बफेलो विल गिव्ह मोअर मिल्क!"

सकाळी जोतीराम धार काढून आले ते हसतच आले. लग्नानंतर इतक्या सकाळी ते पहिल्यांदाच हसत होते. "आज म्हशीनं बरंच जादा दूध दिलं बघ! चरवी भरून वर आलं."

शालूबाईंनी चौकटीकडं बघून हात जोडले.

खरं म्हणजे आदल्या दिवशी जोतीरामांनी म्हशीला सरकी पेंड जास्त घातली होती, पण हे त्यांनी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. शालूबाईंच्या दृष्टीनं प्रश्न निकालात निघाला होता. वास्तूला इंग्रजी येतं. अस्सल येतं. आणि तसं असेल तर क्लास लागल्यापासून पूर्णिमानं, सासू देवळात गेलेली असताना, आपलं घर किती वेळा पेटवलं असेल?

"विल म्हटलतीस काय गं कधी?"

"म्हटलतो की आत्ती. विल तर लई म्हटलतो."

"देवा!"

त्या दिवसापासून शालूबाईंनी घराचा ताबा घेतला. उदबत्ती पाण्याच्या वाटीत उभी राहू लागली. जोतीरामांची विडी अंगणातल्या नळाखाली ओढायची असं ठरलं. आणि सगळ्यात लवकर पेट घेणार तो गोठ्यामागचा कडबा, म्हणून शालूबाई जोतीराम दूध घालायला गेले की त्याच्यावर रोज दोन-चार घागरी पाणी ओतू लागल्या. कडबा पेटला नाही हे खरं. पण आठवडाभरात त्याला बुरशी आली, वास सुटला, आणि म्हशीनं त्याला तोंड लावायचं नाकारलं. दूध आटलं.

जोतीराम कडब्याची ओली पेंढी हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. "ह्ये कुणी केलं?"

"मी," शालूबाई म्हणाल्या. "पेटू नये म्हणून."

"कोण पेटवणार हुतं?"

"सुनबाईचं इंग्रजी."

जोतीरामांनी एकदा बायकोकडं, एकदा सुनेकडं आणि एकदा पेंढीकडं बघितलं. मग त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य ते बोलले. "ही मुलाखत झाली, लागली नोकरी तर ठीक, न्हाईतर त्याच दिवशी पोरीला मलकापूरच्या गाडीत बसवायचं, माझ्या म्हशीच्या जिवावर तुमचं इंग्रजी नको."

आता मात्र शालूबाईंनी कंबर कसली. ज्याला पेटलेलं चांगलं असतं असं काहीतरी शोधायचं! "चूल म्हण," त्या म्हणाल्या. "चूल पेटंल, चूल पेटालीय. वास्तू खुशाल तथास्तु म्हणू दे. भाकरी तरी हुईल."

पूर्णिमा क्लासात विचारून आली आणि मान हलवत म्हणाली, "न्हाई चालत, आत्ती. चूल आपण लावतो. कॅचिंग फायर म्हंजे नको असताना पेटल्यालं."

"आसं व्हय!" शालूबाईंना अडचणीपेक्षा नवलच जास्त वाटलं. "म्हंजे इंग्रजांनाबी दिवा लावणं येगळं आन् आग लागणं येगळं! शाणी दिसत्यात माणसं." मग त्यांना एकदम काळजी वाटली. "मग त्यास्नीबी दिवेलागणीचं कळत आसंल की गं."

अशा रीतीनं मुलाखतीचा दिवस उजाडला तेव्हा पूर्णिमाला झालेली प्रत्येक आग अस्खलित सांगता येत होती, आणि चालू असलेली एकही नाही.

"दुपारी चारची येळ हाय न्हवं?" शालूबाई पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून म्हणाल्या. त्या सोबतीला निघाल्या होत्या. "मग काय भ्या न्हाई. चारला वास्तू झोपल्याला असतोय. खुशाल पेटव. पण दिवे लागल्यावर पेटालंय तोंडातनं काढायचं न्हाई. परक्याचं घर हाय, त्येच्या जळण्याचं पाप आपल्याला नको. शपथ घे माझी."

पूर्णिमानं सासूची शपथ घेतली.

रुद्रेश सरांचं घर जयसिंगपूरच्या पेठेत होतं. घरचा शेंगांचा व्यापार. वर शाळेचे वर्ग, खाली राहायचं, आणि पुढच्या सोप्यात टेबल टाकून ऑफिस केलेलं. भिंतीवर ते लाल नळकांडं. त्याला दसऱ्याच्या आधी खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार अजून तसाच होता आणि अंगावर कुंकवाची पाच बोटं. शालूबाईंना ते बघून बरं वाटलं. माणसं रीतीची होती.

पण सर कुठं होते? सर शेंगांच्या वजनाला अडत्याकडं गेले होते. चार वाजले, पाच वाजले. सरांची आई अक्काताई, जाडजूड, कपाळभर भस्माची बोटं, शालूबाईंना कट्ट्यावर घेऊन बसल्या. दोघींचं लगेच जमलं. अक्काताईंचं मराठी कानडीच्या अंगानं जायचं, 'फार'ला त्या 'भाळ' म्हणायच्या.

"माझा रुद्रेश भाळ हुशार. पण शाळेला बाईच मिळंना बघा. येत्यात, तोंडातल्या तोंडात बोलत्यात, पोरास्नी ऐकूच जात न्हाई. तुमची सून बोलत्या का मोठ्यानं?"

"बोलत्या की," शालूबाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर मावळतीकडं गेली. ऊन कट्ट्यावरून उतरून रस्त्यापलीकडं पोचलं होतं.

सर आले तेव्हा अक्काताई दिवा लावायला उठत होत्या. "या मॅडम, सॉरी, सॉरी," म्हणत रुद्रेश सर अंगावरची शेंगांची टरफलं झटकत टेबलामागं बसले आणि पूर्णिमाला आत घेतलं. शालूबाई खिडकीच्या गजांना धरून उभ्या राहिल्या. आत देव्हाऱ्यात अक्काताईंनी काडी ओढल्याचा आवाज आला.

नाव, गाव, शिक्षण झालं. पूर्णिमा चांगली बोलत होती. मग सरांनी भिंतीवरच्या नळकांड्याकडं प्रेमानं बघितलं आणि इंग्रजीत म्हणाले, समजा, ही इमारत आत्ता पेटते आहे. तुम्ही बंबवाल्यांना फोन केला आहे. काय सांगाल?

पूर्णिमानं खिडकीकडं बघितलं. शालूबाईंनी मान खाली घातली.

"सर, धिस हाऊस कॉट फायर," पूर्णिमा म्हणाली.

"व्हेन?"

"लास्ट इयर, सर."

सर गोंधळले. "नो, नो. नाऊ! फायर इज नाऊ!"

"सर, इट हॅड कॉट फायर. नाऊ एव्हरीबडी इज फाईन. दे आर टेकिंग टी."

"मॅडम, बंब गेल्या वर्षीच्या आगीला येत न्हाई!" सर मराठीवर आले. "आत्ता पेटतंय! आत्ता काय म्हणणार?"

 पूर्णिमाला वाक्य येत होतं, ओठांवर होतं. पण शपथ सासूच्या जिवाची होती. सरांनी वाट बघितली, मग पेनाला टोपण लावलं.

त्या टोपणाचा 'टक' आवाज शालूबाईंनी खिडकीबाहेर ऐकला आणि त्यांना डोळ्यांसमोर मलकापूरची गाडी दिसली. खिडकीत बसलेली पूर्णिमा, टपावर तिची ट्रंक. आणि मग चुलीपुढची संध्याकाळ, समोर जोतीराम, 'हूं' आणि 'च्या'. आपणच घातलेली शपथ पोरीच्या गळ्यात धोंड्यासारखी लोंबत होती. शालूबाईंनी गज घट्ट धरले आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या,

"पूर्णिमा! मोडली शपथ! म्हण, घर पेटालंय म्हण! पेटालंय! पेटालंय!"

देव्हाऱ्यापुढं अक्काताईंच्या हातून घंटी पडली.

"काय पेटालंय?"

"घर!" शालूबाई सुनेकडं बघत ओरडल्या.

"कुणाचं?"

"ह्येच!"

"अय्यो शिवने! बेंकी! बेंकी!" अक्काताई भस्माच्या बोटांसकट अंगणात धावल्या.

बेंकी म्हणजे कानडीत आग, आणि जयसिंगपुरात हा शब्द मराठी माणसालाही पळायला लावतो. समोरचा किराणावाला माप टाकून पळाला. शेजारच्या घरातून बायका घागरी घेऊन आल्या. आग कुठं आहे हे विचारायला कुणी थांबलं नाही, जिथं माणूस बसलेला दिसला तिथं पाणी टाकलं. पहिल्या घागरीत रुद्रेश सर भिजले, दुसरीत टेबल भिजलं. सर "फायर एक्स्टिंग्विशर! फायर एक्स्टिंग्विशर!" म्हणत नळकांड्याकडं धावले तर अक्काताई आडव्या आल्या, "त्येला हात लावू नको, पूजा केल्यालं हाय!" तेवढ्यात किराणावाल्याच्या बायकोनं घागरीचं तोंड धरून पाणी भिरकावलं. तिचा हात ओला होता. पाण्याबरोबर पितळेची घागरही गेली आणि ठणकन सरांच्या टाळूवर बसली.

"कुटं हाय वो आग?" कुणीतरी अखेर विचारलं.

सगळे थांबले. पाणी गळत होतं. आग कुठंच नव्हती.

आणि मग अक्काताईंना कळलं, की आग लागली नव्हती, नुसती म्हटली होती. हे तर लागण्याहून वाईट. त्यांनी ओल्या उंबऱ्यावर बसकण मारली आणि गळा काढला. "दीप लावायच्या येळेला! माझ्या घराला! तीनदा पेटालंय म्हटली! तथास्तु झालं की गं यव्वा! आता माझं घर ऱ्हात न्हाई!"

शालूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आपण जे सुनेला करू दिलं नाही, ते आपणच केलं होतं, तेही मराठीत, म्हणजे वास्तूच्या ओळखीच्या भाषेत. 

पूर्णिमानं एकदा रडणाऱ्या अक्काताईंकडं बघितलं, एकदा सासूकडं. मग ती सरांच्या खुर्चीवर चढली, देव्हाऱ्याकडं तोंड केलं, आणि बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"धिस हाऊस इज नॉट कॅचिंग फायर!"

अक्काताईंचं रडणं थांबलं. "काय म्हणत्या ती?"

"पेटत न्हाई म्हणत्या," शालूबाई पुटपुटल्या, आणि त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "अक्काताई! पेटत न्हाई म्हणत्या! दिवेलागणीला!"

"इट डिड नॉट कॅच फायर!"

"पेटलं न्हाई!"

"इट हॅज नॉट कॉट फायर!"

"पेटल्यालंबी न्हाई!"

"इट हॅड नॉट कॉट फायर!"

"पेटलं नव्हतंबी!"

"इट विल नॉट कॅच फायर! इट विल नेव्हर कॅच फायर!"

"पेटणार न्हाई! जलमात पेटणार न्हाई!"

अक्काताई डोळे पुसत उठल्या. "ती शेवटची दोन पुन्हा म्हणाय सांगा."

पूर्णिमानं पुन्हा म्हटली. किराणावाल्याच्या बायकोनं विचारलं, आमच्या दुकानाचं पण म्हणता का. पूर्णिमानं दुकानाचंही म्हटलं, सगळ्या काळांतून. अडून राहिलेलं इंग्रजी असं धो धो वाहू लागलं, की समोरच्या गल्लीतली माणसं दिव्याखाली येऊन उभी राहिली. मग एकानं आपली मोटारसायकल आणली, दोघींनी आपापल्या कडब्याच्या गंजीचं नाव सांगितलं.

रुद्रेश सर डोकं चोळत, केसांतून पाणी निथळत कोपऱ्यात उभे होते. "आई," ते म्हणाले, "आवाज रस्त्यापर्यंत जातोय."

"मग बघतोस काय? हीच बाई," अक्काताई म्हणाल्या. "पण माझी एक अट हाय. शाळा सुटली म्हणून लगेच जायचं न्हाई. रोज दिवा लावायच्या येळेला घरात उभं ऱ्हायचं, हे सगळं म्हणायचं, आन् मग जायचं."

सरांनी ओल्या कागदावर तिथंच सही केली. शालूबाई अक्काताईंच्या गळ्यात पडल्या. परतीच्या गाडीत दोघी सासवासुना एवढ्या हसल्या, की तिकीट तपासणारा न तपासताच पुढं गेला.

जूनपासून पूर्णिमा जयसिंगपूरला जाऊ लागली. पोरांचं आणि तिचं चांगलं जमलं. मलकापूरला जायचं राहिलं. सगळं शालूबाईंना हवं होतं तसं झालं. फक्त दिवेलागणीला अक्काताईंच्या घराची आग नाकारून, मग किराणा दुकानाची, मग दोन गंजींची आणि एका मोटारसायकलीची नाकारून पूर्णिमा पॅसेंजर पकडायची, आणि घरी येईपर्यंत जेवणं उरकायची वेळ व्हायची. आल्या आल्या दोन घास खाऊन ती बसल्या जागी डुलक्या घ्यायची.

संध्याकाळी चुलीपुढं शालूबाई एकट्याच. समोर रिकामा पाट. एक दिवस त्यांना राहवलं नाही. निरांजन लावलं, देवाला हात जोडले, आणि चौकटीकडं बघून त्या हळूच म्हणाल्या,

"पूर्णिमा इज कमिंग."

जरा वेळ थांबून आणखी हळू म्हणाल्या, "पूर्णिमा विल कम."

गोठ्यातून जोतीरामांचा आवाज आला. "कुणाशी बोलालीस गं?"

"घराशी."

 मग चरवी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि जोतीराम धोतराला हात पुसत आत आले आणि रिकाम्या पाटावर बसले. "मला बी शिकीव की," ते म्हणाले. "म्हशीला कायतरी सांगायचं हाय."

हे सगळं असंच झालं. शब्द न् शब्द. फक्त एक, आता एवढं ऐकलंच आहे तर सांगून टाकते. रुद्रेश सरांच्या डोक्यात बसली ती घागर पितळेची नव्हती. प्लास्टिकची होती, निळी. पितळेची असती तर सही करायला सर शुद्धीवर कुठले राहिले असते?